चौकाला कुलूप लावण्याआधी

आर्टिस्ट व्हिलेज, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई येथील नव्या-जुन्या सर्व घरमालकांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी आमच्या चौकाच्या, म्हणजे सात घरांमधल्या सामायिक अंगणाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रस्ताव आला. चौकाच्या तोंडाशी लोखंडी गेट, आत पेव्हर ब्लॉक, त्यावर पिवळे पट्टे मारून दर घरामागे एका गाडीची जागा, आणि गेटच्या सात चाव्या. खर्च सात घरांत सारखा. रात्रीपर्यंत सहा जणांनी अंगठे टाकले. माझा राहिला. (मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे नकार देणं, पण हे आता कुणाच्या ध्यानात राहिलेलं नाही.) दोघांनी फोन करून कारण विचारलं. ते फोनवर सांगून होण्यासारखं नाही, आणि गोष्ट एकट्या आमच्या चौकाची उरलेलीही नाही. वरच्या अंगाला अशी गेटं लागून दिवाळी उलटली. म्हणून हे पत्र सगळ्यांनाच.

आधी हिशेब. चौक आठ मीटर बाय आठ मीटर. मी शाळेत भूगोल शिकवते, नकाशे काढायची सवय आहे, म्हणून वहीत चौकटी आखून पाहिल्या. सात गाड्या बसतात. दाटीवाटीनं आठही बसतील. फक्त एकदा बसल्या की मागची बाहेर निघत नाही आणि पुढचीचं दार उघडत नाही.

माझी हरकत एवढीच असती तर वहीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला असता आणि गप्प बसले असते.

आम्ही इथे १९८७ साली आलो. मी आठ वर्षांची होते. परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली सोडून आलो, कारण बाबांची बदली बेलापूरच्या कचेरीत झाली होती. तेव्हा इथे लोकल नव्हती. मानखुर्दला उतरायचं आणि खाडीपुलावरून बसनं पुढे यायचं. रूळ वाशीपर्यंत आले १९९२ मध्ये, बेलापूरला १९९३ मध्ये. परळचे नातेवाईक आम्हाला भेटायला यायचे ते मुक्कामाची पिशवी घेऊनच. पहिल्या रात्री आजीला झोप लागली नाही. चाळीत रात्रभर कुणी ना कुणी खोकत असतं, कुणाचा तरी नळ चालू असतो. इथे पारसिकच्या डोंगराकडून कोल्हेकुई, आणि मध्ये नुसती शांतता. "स्मशानात आणलंत मला," असं ती सकाळी चहा पिताना म्हणाली.

मग तिनं धुणं धुतलं. आजी नऊवारी नेसायची, आणि चाळीत नऊवारी वाळत घालणं हा रोजचा तंटा होता. चार घड्या घालून गॅलरीतल्या काठीवर टाकायची, खालच्या मजल्यावर पाणी गळायचं, खालून शिव्या यायच्या. इथे तिनं आमच्या दाराशेजारच्या खिळ्याला लुगड्याचं एक टोक बांधलं आणि चालत चालत समोरच्या घराच्या खिळ्यापर्यंत गेली. लुगडं बरोब्बर पुरलं. मध्ये जेमतेम वीतभर झोल. समोरच्या घरातल्या बाई बाहेर आल्या, आजीनं विचारलं, "चालेल ना हो?" त्या म्हणाल्या, "चालेल की, माझंही आहे, दुपारी टाकते." त्या घराशी आमचा जो संबंध जुळला तो या वाक्यापासून. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, सव्वाआठ मीटर. चौक आठ मीटर. हे गणित मला फार उशिरा सुचलं, पण तेव्हापासून मी चौकाचं माप मीटरमध्ये सांगत नाही, लुगड्यात सांगते.

आपली वस्ती कुणी आखली हे आम्हाला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. बाबा 'सिडकोचं घर' म्हणायचे, तेवढ्यावर भागायचं. ती आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी आखली, आणि १९८३ ते १९८६ या काळात उभी राहिली. कोरिया इथे पाहुणे म्हणून आलेले नव्हते. खाडीपलीकडे नवं शहर वसवा, मुंबईवरचा भार हलका होईल, ही कल्पना ज्या तिघांनी १९६५ साली लेखातून मांडली त्यांतले ते एक. बाकीचे दोघे प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. हे नवं शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, आणि सुरुवातीच्या वर्षांत तिचे मुख्य आर्किटेक्ट कोरियाच होते. त्याच माणसाची कंबाला हिलवरची २८ मजली कांचनजंगा इमारत १९८३ मध्ये पुरी झाली. तिच्यात घरं फक्त ३२, आणि प्रत्येक घराला दोन मजले उंचीची गच्ची. म्हणजे एकीकडे मुंबईतल्या सगळ्यात श्रीमंत माणसाला आभाळाचा तुकडा देऊन झाला, आणि तोच तुकडा त्यांनी आमच्यासारख्यांना द्यायला घेतला. फक्त आमचा सात जणांत मिळून एक.

आखणी अशी. सात घरांचा एक चौक. असे तीन चौक मिळून एकवीस घरं, त्यांच्यामध्ये बारा मीटर बाय बारा मीटरची मोठी मोकळी जागा. असे गट पुन्हा एकत्र येऊन त्याहून मोठी जागा, आणि या सगळ्यांच्या मधून डोंगरावरून उतरणारा ओहोळ. साधारण सहा हेक्टरांत साडेपाचशेच्या आसपास घरं, आणि एकही इमारत नाही. लहानपणी आम्ही रस्त्यावर पाय न टाकता चौकातून मैदानात, मैदानातून ओहोळावर जायचो. वय वाढेल तशी हद्द वाढायची. पाच वर्षांच्या पोराला चौक, आठ वर्षांच्याला मोठी जागा, दहाव्या वर्षी ओहोळ. हे कुणी नियम म्हणून सांगितलं नव्हतं, प्रत्येक आई आपोआप हेच सांगायची.

आणखी एक गोष्ट आज विसरली गेली आहे. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटर, बस्स. कमी उत्पन्नवाल्याला आणि बऱ्या उत्पन्नवाल्याला जमिनीत फारसा फरक नव्हता, फरक होता तो वरच्या बांधकामात. आमच्या चौकात एक शिपाई होते, एक बँकेतले अधिकारी होते, आणि दोघांच्या दारासमोरचा चौक तोच. पलीकडच्या चौकात अलीकडे दोन शेजारचे प्लॉट एकानंच घेऊन एकच बंगला झाला आहे. तिथे आता सातांचे सहा उरलेत. बंगला देखणा आहे, मी पाहिला आहे, ग्रॅनाइट महागातलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, हिला जुनी घरं जपायची आहेत. मुळीच नाही. हे मला जरा ठासून सांगायचं आहे, कारण दर हिवाळ्यात आर्किटेक्चरची पोरं गळ्यात कॅमेरे अडकवून येतात, हळहळतात, आणि जाताना आमच्याकडे असं बघतात की जणू आम्ही लेणी फोडली. मागच्या खेपेला एका मुलीनं आईला विचारलं, "आजी, इथे ओरिजिनल काय राहिलंय?" आई म्हणाली, "मी."

घरं बदलायचीच होती. कोरियांनी ती त्यासाठीच तशी आखली. कुठल्याही दोन घरांची भिंत एक नाही, प्रत्येक घर आपल्या जागेवर सुटं उभं. का, तर पैसे येतील तसं माणसानं वाढवावं, आणि वाढवताना शेजाऱ्याच्या परवानगीवाचून, त्याची भिंत न हलवता वाढवता यावं. मंगलोरी कौलं, विटांच्या भिंती, चुन्याची सफेदी, सगळं नाक्यावरच्या गवंड्याला आणि सुताराला जमेल असं. आम्ही १९९६ मध्ये वरची खोली काढली तेव्हा बाबांनी नकाशा शाळेच्या वहीवर काढला होता आणि गवंडी तो उलटा धरून बघत होता. खोली तरीही उभी राहिली, अजून गळत नाही. तेव्हा तुमच्या स्लॅबला, काचेला, तिसऱ्या मजल्याला माझी तत्त्व म्हणून हरकत नाही. घर तुमचं. कोरियांचंही म्हणणं तेच होतं.

चौक मात्र तुमचा नाही, आणि माझाही नाही. सातांचा आहे, म्हणजे एकाचाही नाही.

इथे माझी स्वतःची चूक सांगते, नाहीतर पत्र वाचून कुणीतरी म्हणेलच. २००६ मध्ये आम्ही पहिली गाडी घेतली. तिला ऊन लागू नये, पोरांच्या चेंडूनं काच फुटू नये, म्हणून आम्ही ओट्यापुढचा चौकाचा कोपरा जाळी लावून आत घेतला. अडीच मीटर बाय साडेचार. कुणाला विचारलं नाही. "तुमच्याच दारासमोर तर आहे," असं फॅब्रिकेटर म्हणाला, आणि ते आम्हाला सोयीचं वाटलं. कुणी भांडायला आलं नाही. फक्त त्या मे महिन्यात शेजारच्या काकूंनी कुरडया आमच्या बाजूला घातल्या नाहीत, स्वतःच्या गच्चीवर घातल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी तुळशीवृंदावनाभोवती कठडा बांधला. त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्यानं मोटारसायकलसाठी शेड. चौकाचा पहिला तुकडा आमच्या घरानं तोडला. गेटाचा प्रस्ताव मांडणाऱ्यांवर मी रागावू शकत नाही, त्याची सुरुवात माझ्याच दारात झाली.

त्याआधीचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पहाटे पाचला चिकाचं पातेलं एका घरात चुलीवर, सोऱ्या दुसऱ्या घरातला, प्लास्टिकचा कागद तिसऱ्या घरातला. सात घरांच्या बायका सात दिवसांत सात घरांचं वाळवण करायच्या, कारण सोऱ्या दाबायला एकटीचा हात पुरत नाही. आम्हा मुलांचं काम कावळे हाकलणं, आणि पगार म्हणून गरम चीक वाटीतून. चौकाच्या कुठल्या भागात ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता सरकतं हे बायकांना पाठ होतं. भूगोलात सूर्याचं भासमान भ्रमण शिकवायला मला पुस्तक लागत नाही ते म्हणून.

ऊन म्हटल्यावर आणखी एक हिशेब, कारण तिसऱ्या मजल्याला तत्त्व म्हणून हरकत नाही असं मी वर लिहिलं, पण सूर्याची आहे. आपण १९ अक्षांशावर आहोत. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवरच असतो, दक्षिणेकडे कललेला. चौकाच्या दक्षिण कडेला दहा मीटर उंच घर उभं केलं तर त्याची दुपारची सावली नऊ मीटर पडते. चौक आठ मीटर. म्हणजे ऐन हिवाळ्यात भर दुपारीही चौकाची फरशी उन्हाला पारखी. जुन्या कौलारू घराची सावली तीन-चार मीटरवर थांबायची, उरलेल्या उन्हात म्हातारी माणसं बसायची. बांधणाऱ्यानं निदान दक्षिणेच्या बाजूला वरचा मजला थोडा मागे सारला तरी भागतं. आर्किटेक्टला सांगा, त्याला कळेल. नाही कळलं तर माझ्याकडे पाठवा.

पाण्याचं त्याहून सोपं आहे. चौकाला उतार आहे, उतार ओहोळाकडे आहे. नवं घर बांधताना जोतं दोन फूट उचललं जातं, मग दारातून उतरायला नको म्हणून चौकातही भराव पडतो, वर काँक्रीट, त्यावर ब्लॉक. पाणी काय करणार? जे घर अजून खाली आहे त्याच्या उंबऱ्यावर येणार. मागच्या जुलैत आमच्या चौकातल्या सगळ्यात जुन्या घरात, जिथे आजोबा एकटे असतात, रात्री दोनला घोट्याएवढं पाणी होतं. चौक आपण उचलला, आणि पाणी सुपलीनं उपसत बसले ते.

मागच्या बाजूच्या भिंतींचंही थोडं. शेजाऱ्याच्या परसाकडच्या भिंतीला मुळात खिडकी ठेवलेली नव्हती. संडास मात्र दोन घरांचे पाठीला पाठ लावून, म्हणजे एका पाइपात दोघांचं भागावं. तुमची भिंत तुमची, पण चेंबर दोघांचं. ते तुंबलं की तुम्ही कितीही मोठे असा, शेजाऱ्याचं दार ठोठवावंच लागतं. मला वाटतं कोरियांनी हे नुसतं पैसे वाचवायलाच केलं असेल, पण पुष्कळ अबोले त्या चेंबरवर सुटलेले मी पाहिले आहेत.

गेटाचं कारण चोरी हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी आमच्या चौकातून दोन सायकली गेल्या, त्यातली एक माझ्या मुलाची. तरी वरच्या चौकात गेट लागल्यापासून काय झालं ते बघा. सिलिंडरवाला बाहेर उभा राहून फोन करतो. दिवाळे गावाहून मासळीची पाटी घेऊन येणारी मावशी पूर्वी चौकात बसून, "बाय, बोंबील हाय ताजं," अशी हाक द्यायची. तिला आता कुणाचा तरी मोबाइल नंबर लागतो आणि तो तिच्याकडे नाही. बाहेरचं कुणी आत येत नाही म्हणून घरचंही कुणी ओट्यावर बसत नाही. आणि ओट्यावर कुणी नाही म्हणून मग कॅमेरा लावला. आमच्या आईचं वय ७८, ती दुपारी चारपासून दिवेलागणीपर्यंत ओट्यावर असते. तिला दिसायचं कमी झालं आहे, पण अनोळखी चपलेचा आवाज तिला कळतो. सायकली गेल्या त्या आठवड्यात ती आत्याकडे गेली होती.

त्या मावशीवरून आठवलं. हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभं आहे. आपली घरं आखली जात होती त्याच काळात, १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत, जासई परिसरात गोळीबार झाला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीचा मोबदला मागणारे पाच शेतकरी त्यात गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना त्या आंदोलनातून आली. शाळेत मी हे शिकवते तेव्हा आग्रोळी, शहाबाज, दिवाळे इथली मुलं वर्गात बसलेली असतात, त्यांच्या घरात हा पाठ माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे. या गावांतून घरापुढे खळं असायचं, भात झोडायला, लग्नाला मांडव घालायला, आणि खळ्याला गेट नसायचं. आपण ज्यांच्या जमिनीवर राहायला आलो त्यांच्या मावशीला आठ मीटरच्या चौकाबाहेर उभं करायचं, हे मला जड जातं. तुम्हाला जात नसेल तर निदान ताज्या बोंबिलांचा विचार करा.

रविवारी सकाळी दहा वाजता या विषयावर बसायचं ठरलं आहे. ग्रुपवर नको, चौकातच बसू, आणि ज्या चौकांत गेटं लागली आहेत त्यांनीही यावं. माझ्याकडून बोलायचं आहे ते एवढंच: गाड्या बाहेरच्या रस्त्याला, आजारी माणूस न्यायचा असेल तेवढ्यापुरती चौकात. ब्लॉक हवेच असतील तर खाली काँक्रीट नको, आणि उतार आहे तसा ओहोळाकडे. पुढचं घर जो कुणी बांधेल त्यानं जोतं उचललं तर पायऱ्या स्वतःच्या हद्दीत घ्याव्यात. गेटाचं काय करायचं ते सातही घरांनी समोरासमोर बोलून ठरवावं, अंगठ्यांनी नाही. माझ्याविरुद्ध ठरलं तर माझ्या वाट्याचे पैसे मी देईन, चावी घेणार नाही.

आमची जाळी काढायला फॅब्रिकेटर शुक्रवारी दुपारी येतो आहे. कटरचा आवाज होईल, तासाभराचा प्रश्न आहे, लहान बाळं असलेल्या घरांना आधीच सांगून ठेवते. गाडी त्या दिवसापासून बाहेर. रविवारी बसायला सतरंजी आमची, चहा आमचा. समोरच्या काकूंनी जुना खिळा अजून भिंतीत ठेवला आहे, तो रंगाखाली गेला आहे पण हाताला लागतो. आमचा मी नव्यानं ठोकून घेते.

आपली,
खालच्या चौकातली शेजारीण